काळी खिडकी आणि उस्मानाबादी शेळी

कॅमेऱ्याला फोटो काढता येतो, नाव ठेवता येत नाही. समोर कोजागरीचा चंद्र असो की आत्याबाईंच्या एकसष्टीचा सत्कार, तो आपला ‘डीएससी’, एक अंडरस्कोर आणि चार आकडे लिहून मोकळा होतो. दोष त्याचा नाही. कॅमेऱ्यातल्या फाईलींची नावं कशी असावीत याची डीसीएफ नावाची नियमावली १९९८ साली जपानमध्ये ठरली आणि तिने नावाला जेमतेम आठ जागा दिल्या. पहिल्या चार कंपनीच्या मर्जीच्या, पुढच्या चार आकड्यांच्या. आकडे ०००१ ते ९९९९, मग पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे हौशी माणसाच्या हार्डडिस्कवर काही वर्षांनी हरिहरेश्वरचा समुद्र आणि भाच्याची मुंज एकाच नावाने सुखाने नांदत असतात, फोल्डर तेवढे वेगळे. दोन्ही फोल्डर एकत्र करायची हुक्की येईपर्यंत कुणाला त्याचा पत्ताही नसतो.

व्हॉट्सअ‍ॅप त्यातल्या त्यात तारीख तरी घालतं. पण ती फोटो पोचल्याची तारीख. आजी-आजोबांचा १९६२ सालचा, पडद्यावरच्या रंगवलेल्या कारंज्यासमोरचा फोटो काकांनी गेल्या मंगळवारी पाठवला, की फाईलीच्या नावावरून त्यांचं लग्न गेल्या मंगळवारी झालं असं ठरतं.

असे शेकडो फोटो समोर आले की नीटनेटक्या स्वभावाच्या माणसाचे हात शिवशिवतात. मग तो एक फाईल निवडतो, एफ-टू दाबतो, नाव लिहितो, एंटर मारतो. दुसरी फाईल. तिसरी. सुरुवातीच्या नावांत साहित्य असतं: ‘हरिहरेश्वर संध्याकाळ लाटा खडक’. पुढे ‘हरिहरेश्वर लाटा’. मग ‘हरि १२’. शेवटी ‘ह’. सगळ्या एकदम निवडून एफ-टू मारायची सोय विंडोजमध्ये आहे, पण मग सगळ्यांना एकच नाव आणि कंसात क्रमांक मिळतो. त्याने फाईली ओळीत उभ्या राहतात, ओळखू मात्र येत नाहीत.

इथपर्यंत आलेल्या माणसाला कुणीतरी भाचा, पुतण्या किंवा ऑफिसातला नवा मुलगा सांगतो, “अहो, कमांड मारा ना एक.” आणि ती काळी खिडकी उघडतो.

काळ्या खिडकीची पहिली गंमत ही की युनिक्सच्या घराण्यात नाव बदलायला वेगळा शब्दच नव्हता. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या मार्गदर्शिकेत ‘एमव्ही’ ही आज्ञा आहे, ती ‘मूव्ह’चं आखूड रूप. वस्तू हलवायची आज्ञा तीच, नाव बदलायची आज्ञाही तीच. दोन अक्षरांची आज्ञा ठेवण्यामागे तुसडेपणा नव्हता. न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ज्या टेलिटाईप यंत्रांवर काम करत, ती सेकंदाला दहा अक्षरं कागदावर उमटवत आणि त्यांच्या कळा चांगल्या जोर लावून दाबाव्या लागत. तिथे ‘कृपया या फाईलीचं नाव बदला’ एवढं कोण लिहीत बसणार? काटकसर इतकी, की फाईल निर्माण करायच्या प्रणाली-आज्ञेच्या स्पेलिंगातलं शेवटचं ‘ई’ त्यांनी गाळलं. पुन्हा युनिक्स लिहायची वेळ आली तर काय वेगळं कराल, असं विचारल्यावर थॉम्प्सन यांनी ते ‘ई’ परत घालेन म्हणून सांगितल्याचा किस्सा या धंद्यात अजून आवडीने सांगतात.

हलवणं आणि नाव बदलणं एकच कसं, हा प्रश्न मात्र थोडा वेळ बसून चघळावा असा आहे. आपली समजूत अशी, की फाईलीचं नाव फाईलीवर लिहिलेलं असतं. युनिक्समध्ये ते तिथे नसतंच. फाईलीचा सगळा तपशील, म्हणजे मालक कोण, आकार किती, मजकूर डिस्कवर कुठे, हा ‘आयनोड’ नावाच्या नोंदीत असतो आणि त्या नोंदीला फक्त क्रमांक असतो. नाव असतं फोल्डरकडे. फोल्डर म्हणजे एक यादी: अमुक नाव, तमुक क्रमांक. तेव्हा नाव बदललं की यादीतली एक ओळ बदलते, फाईल जागची हलत नाही. तिला कळतसुद्धा नाही. म्हणूनच लग्नाच्या तीन तासांच्या व्हिडिओचं नाव बदलायला डोळ्याचं पातं लवण्याएवढा वेळ लागतो आणि तोच व्हिडिओ पेनड्राईव्हवर न्यायचा म्हटलं की चहा होऊन कपबशा विसळून होतात.

आपल्याकडे नवऱ्या मुलीचं नाव बदलतात, त्याची मला इथे हटकून आठवण होते. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी वाकून वाचायचं, पेढा खायचा. काम झालं. माझी आत्या कुसुम म्हणून बोहल्यावर चढली आणि मंदाकिनी म्हणून उतरली. त्याने आत्यात काही फरक पडला नाही. रागावली की भांडी आपटायची ती तशीच आपटत राहिली. फरक पडला तो तिला आधीपासून ओळखणाऱ्या कागदांत. मॅट्रिकचं सर्टिफिकेट कुसुमचं, रेशनकार्ड मंदाकिनीचं, पोस्टातलं खातं कुसुमचं, विमा मंदाकिनीचा. कुसुम आणि मंदाकिनी या एकच, हे सिद्ध करायला पुढे राजपत्रात जाहिरात द्यावी लागली आणि तिचं कात्रण तिने लॅमिनेट करून ठेवलं. तांदळाच्या ताटाला लागली दोन मिनिटं, कागदांना तीस वर्षं.

फाईलींचं अगदी हेच होतं. नाव बदलणं सोपं, पण जुन्या नावाने तिला हाक मारणारे कुठे कुठे बसलेत याची यादी कुणाकडे नसते. एक्सेलच्या एका तक्त्यात तिचा पत्ता लिहिलेला असतो, वेबसाईटच्या पानावर तिची लिंक असते, पॉवरपॉइंटमध्ये तिचं चित्र अडकवलेलं असतं. ‘सिम्बॉलिक लिंक’ नावाचा एक आडनावबंधू तर खास यासाठीच जन्मला आहे. तो नाव धरून ठेवतो आणि नाव गेलं की हवेत लोंबकळतो.

पूर्वी तर नाव बदलायची क्रिया दोन पायऱ्यांची होती. आधी त्याच आयनोडला नवं नाव जोडायचं, मग जुनं तोडायचं. दोन पायऱ्यांच्या मध्ये वीज गेली तर फाईल दोन नावांची. १९८३ साली बर्कलेच्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये हे काम एका झटक्यात करणारी ‘रिनेम’ ही प्रणाली-आज्ञा आली आणि ती मधली संदिग्ध घटका गेली. आत्याच्या बाबतीत ती घटका अजून चालू आहे, माहेरी तिला कुसुमच म्हणतात.

आता ‘अनेक’ फाईलींचा मुद्दा. इथे चांदणीचं चिन्ह येतं, ज्याला सगळे स्टार म्हणतात. स्टार-डॉट-टीएक्सटी म्हणजे टीएक्सटी शेपटीच्या झाडून सगळ्या फाईली. एमएस-डॉसवर वाढलेल्या पिढीला ‘रेन’ ही आज्ञा पाठ असते. रेन, स्टार-डॉट-टीएक्सटी, स्टार-डॉट-डॉक. एंटर. सगळ्यांच्या शेपट्या बदलल्या. (त्याही आधीच्या सीपी-एममध्ये नवं नाव आधी लिहायचं, मग बरोबरचं चिन्ह, मग जुनं नाव. तिथून डॉसवर आलेल्यांनी काय काय गमावलं असेल देव जाणे.) डॉसवर वाढलेला माणूस युनिक्सच्याच घराण्यातल्या लिनक्सवर येतो आणि मोठ्या विश्वासाने तसंच लिहितो: एमव्ही, स्टार-डॉट-टीएक्सटी, स्टार-डॉट-डॉक. उत्तर येतं की शेवटचं जे लिहिलंत ते काही फोल्डर नाही. माणूस बुचकळ्यात. फोल्डरचं नाव कुणी काढलं होतं?

भानगड अशी, की डॉसमध्ये स्टार थेट ‘रेन’च्या हातात पडतो आणि दोन स्टारांची जोडी कशी लावायची ते त्याला कळतं. युनिक्समध्ये मध्ये शेल बसलेलं असतं. ते आज्ञा पुढे पाठवायच्या आधीच स्टार सोडवून टाकतं. जुन्या युनिक्समध्ये या कामाला ‘ग्लॉब’ नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅमच होता. म्हणजे ‘एमव्ही’ला स्टार कधी दिसतच नाही, दिसते ती फाईलींची लांबलचक रांग. आणि रांग दिसली की त्याची एकच समजूत: शेवटचं नाव म्हणजे मुक्काम, बाकीचे प्रवासी.

ही समजूत किती महागात पडू शकते ते दोनच फाईलींच्या फोल्डरमध्ये दिसतं. समजा आत ‘कविता’ आणि ‘किराणा’ अशा दोन फाईली आहेत. कुणी एमव्ही लिहून पुढे नुसता स्टार दिला आणि नव्या जागेचं नाव लिहायच्या आधीच एंटर दाबलं. शेलने स्टार सोडवला: एमव्ही कविता किराणा. कविताचं नाव किराणा झालं आणि खरा किराणा गेला, कायमचा. खिडकीत एक अक्षर उमटत नाही. युनिक्सची रीतच ती, काम फत्ते झालं की बोलायचं नाही. पुढच्या वेळी तुम्ही वाण्याकडे उभे राहून यादी उघडाल तेव्हा त्यात पाऊस असेल.

फाईलीच्या नावात स्पेस असणं हा मराठी घराचा जन्मसिद्ध हक्क आहे. ‘आई आधार कार्ड’ या नावात मला तरी काही वावगं दिसत नाही. पण शेलच्या लेखी स्पेस म्हणजे एक शब्द संपला, दुसरा सुरू झाला. फोल्डरच्या यादीवरून एकेक नाव उचलणारी आज्ञा कुणी घाईत लिहिली आणि अवतरणचिन्हांत कंजुषी केली, तर ती काळी खिडकी थंडपणे एकाखाली एक ओळी छापते: ‘आई’ सापडत नाही. ‘आधार’ सापडत नाही. रात्री साडेअकरा वाजता, घरात सगळे झोपलेले असताना, हे वाचून पोटात कसंसंच होतं.

म्हणून काळ्या खिडकीच्या गावातले जुने रहिवासी नावात स्पेस ठेवत नाहीत, अंडरस्कोर घालतात, आणि तरी प्रत्येक नावाभोवती अवतरणचिन्हं लावतात. नाव डॅशने सुरू होत असेल तर आधी दोन डॅश देऊन ठेवतात, नाहीतर आज्ञेला ते नाव म्हणजे आपल्याला दिलेली सूचनाच वाटते.

एवढी पथ्यं पाळून फेरा, म्हणजे ‘फॉर’ची लूप, लिहिता येतो आणि बहुतेक कामं त्यात भागतात. पण खरी चैन ‘रिनेम’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये आहे. तो लॅरी वॉल यांनी लिहिला. पर्ल ही भाषा १९८७ साली बाहेर काढणारे हेच ते गृहस्थ. मूळ शिक्षण भाषाशास्त्राचं. लिपी नसलेल्या एखाद्या भाषेला लिपी करून द्यावी, असं त्यांच्या मनात होतं. ते राहिलं आणि जगभरच्या फाईलींना नावं द्यायची सोय त्यांच्या हातून झाली. त्यांच्या ‘रिनेम’ला तुम्ही नाव सांगत नाही, नियम सांगता: जिथे हे दिसेल तिथे ते घाल, मोठी अक्षरं लहान कर, सुरुवातीचे आकडे शेवटी ने. नियम एका ओळीचा, फाईली हजार असोत.

आता दैवाचा विनोद बघा. ‘रिनेम’ नावाचे प्रोग्रॅम दोन आहेत. लिनक्सच्या डेबियन आणि उबुंटू या अवतारांवर तुम्हाला मिळतो तो वॉल यांच्या पर्लच्या घराण्यातला. फेडोरावर त्याच नावाचा दुसराच, साध्या स्वभावाचा: जुना तुकडा सांगा, नवा तुकडा सांगा, फाईली सांगा. एकाला शिकवलेली आज्ञा दुसऱ्याला कळत नाही. जगातल्या सगळ्या फाईलींची नावं बदलायला निघालेल्या या दोघांना एकमेकांपासून वेगळं ओळखू येईल असं नाव कुणी दिलं नाही. डेबियनने दुसऱ्याच्या नावापुढे ‘डॉट-यूएल’ लावून दिलं, ती त्यातल्या त्यात शहाणी तडजोड.

पर्लच्या रिनेमला एक ‘डॅश-एन’ आहे आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारातला तोच एक अस्सल सद्गुण. डॅश-एन दिलं की तो काहीही करत नाही, आपण काय काय केलं असतं ते सांगतो. जुनं नाव, नवं नाव, ओळीने. वाचा, विचार करा, मग डॅश-एन काढून पुन्हा एंटर मारा. माणसांना हा डॅश-एन बसवता आला तर लग्नाच्या बैठका किती छान होतील. (फक्त हाच डॅश-एन एमव्हीला दिला तर त्याचा अर्थ होतो ‘आधीची फाईल पुसू नकोस’, आणि नाव तो बदलतोच. नुसतं बघू म्हणून एंटर मारणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.)

हे सगळं ज्ञान पाजळायची संधी मला बार्शीत मिळाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, निवडणुकीची हँडबिलं, संस्थांचे अहवाल, शेळीपालन शिबिराच्या पुस्तिका, सगळं तिथे होतं. दुकानाच्या काकांनी बोलावलं, “ताई, जरा बघा. मशीनवर काही म्हणजे काही सापडत नाही.”

मी बघितलं. ‘जोशी पत्रिका’. ‘जोशी पत्रिका करेक्शन’. ‘जोशी पत्रिका फायनल’. ‘जोशी पत्रिका फायनल मामांचं नाव वर घेतलेली’. ‘जोशी पत्रिका फायनल जुनी’. ‘जोशी पत्रिका ओके ओके’. सहा फाईलींत एका लग्नघराचा पुरता इतिहास. मामा रुसले कधी, समजूत निघाली कधी, आणि एक ओके पुरेसा नाही हे काकांना कितव्या पत्रिकेपासून कळलं. अर्धी नावं रोमनमध्ये, अर्धी देवनागरीत. रोमन जोशीत कधी एच आहे, कधी नाही. मधूनच ‘नवीन’, ‘नवीन नवीन’ आणि एक नुसतंच ‘बघणे’.

आधी महिने. काकांनी मासिक कामांचे फोल्डर महिन्यांच्या नावाने ठेवले होते आणि कॉम्प्युटरने ते अक्षरांच्या क्रमाने लावले होते. एप्रिल पहिला. इथवर ठीक, सरकारी आर्थिक वर्षही तिथेच सुरू होतं. त्याच्या पाठोपाठ ऑक्टोबर, मग ऑगस्ट, मग जानेवारी, आणि शेवट सप्टेंबर. रोमन नावांच्या फाईलींत आकड्यांचीही तीच कथा, एक नंतर दहा, अकरा, बारा, आणि मग कुठे दोन. यावर उपाय दोनच: आकड्यांच्या आधी शून्यं भरायची आणि तारीख उलटी लिहायची, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आयएसओ ८६०१ या मानकाने १९८८ सालीच हे सांगून ठेवलं आहे. काकांना पटेना. “दिवस शेवटी? मुहूर्त आधी लागतो हो.” मी म्हटलं, पत्रिकेत आधी लावा, फाईलीत शेवटी. यावर मांडवली झाली.

मग एक फाईल सापडेना. ‘दुसऱ्या फेरीची यादी’. डोळ्यांना दिसतेय, नियमाला सापडत नाही. मी तोच शब्द पुन्हा टाईप केला, तरी नाही. इथे काही काळ मला त्या मशीनमध्ये काहीतरी वास करत असल्याचा संशय आला. कारण पुढे कळलं ते फार मराठी होतं. ‘दुसऱ्या’तला तो अर्धा, पापणीसारखा ‘र’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिता येतो. एक कीबोर्ड नुक्तावाला ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडतो. दुसरा साधा ‘र’ घेतो, पाय मोडतो आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून देतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द. हिंदीवाल्यांना हा ताप नाही, त्यांच्याकडे तो ‘र’च लागत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, सगळ्या शेतकऱ्यांच्या याद्या, कर्मचाऱ्यांचे पगारपत्रक: ज्या ज्या कचेरीत देवनागरी नावांच्या फाईली आहेत तिथे तिथे ही जुळी भावंडं बसलेली असणार आणि शोधणारा एकालाच हाक मारून परत जात असणार.

लांबीचाही एक चिमटा आहे. लिनक्सच्या नेहमीच्या फाईल-व्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात आणि काना, मात्रा, वेलांटी ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे आपल्या वाट्याला पंचाऐंशी. ‘चिरंजीव’ आणि ‘सौभाग्यकांक्षिणी’सकट दोन्ही घराण्यांची नावं घालायची काकांची एक सवय होती. ती तिथे संपली.

आणि मग आला धाराशिव.

उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, पुढच्या वर्षी अहमदनगरचं अहिल्यानगर. बार्शीपासून धाराशिव हाकेच्या अंतरावर, त्यामुळे काकांकडे तिथली गिऱ्हाइकं भरपूर, आणि जुन्या मजकुरावरून नवी पुस्तिका काढायला येणारा प्रत्येक जण नवं नाव मागायचा. काका म्हणाले, “एकदमच बदला की ताई. सगळीकडे.” हे ‘सगळीकडे’ ऐकलं की अनुभवी माणसाचे कान टवकारतात. नियम सोपा होता: जिथे उस्मानाबाद दिसेल तिथे धाराशिव. डॅश-एन लावला आणि यादी काकांसमोर धरली.

‘उस्मानाबादला जाणारी बस’चं ‘धाराशिवला जाणारी बस’ झालं होतं, छान. ‘उस्मानाबादेत मेळावा’चं ‘धाराशिवेत मेळावा’ झालं होतं. काका जरा थबकले, पण खपवून घेतलं. पुढची ओळ होती: ‘धाराशिवी शेळी संगोपन पुस्तिका’.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “ताई, शेळीचं गॅझेट कधी निघालं?”

उस्मानाबादी ही शेळीची नावाजलेली जात. रंगाने बहुतेक काळी, जुळी करडं देण्यात वाकबगार. जिल्ह्याचं नाव बदललं तरी जातीचं नाव नोंदलेलं आहे ते तसंच आहे, आणि बाजारात ‘धाराशिवी’ मागितली तर विकणारा आपल्याकडे बघत राहील. मुंबईचंही असंच आहे. १९९५ मध्ये बॉम्बेची मुंबई झाली, पण आयआयटी बॉम्बेच राहिली. आणि डॉ. वाय. एम. भेंडे यांनी १९५२ मध्ये जगासमोर आणलेला तो दुर्मीळ रक्तगट अजून ‘बॉम्बे’ गटच आहे. एखाद्या उत्साही माणसाने रक्तपेढीच्या फाईलींवर ‘बॉम्बे काढ, मुंबई घाल’ असा नियम चालवला तर काय होईल याची कल्पना करवत नाही. (घरगुती विंडोजमध्ये लांब नावं आली ती त्याच १९९५ साली. तोवर नावाला आठ अक्षरं आणि शेपटीला तीन, एवढ्यात सगळं बसवायचं.)

नियमात दुरुस्ती करता येते. ‘उस्मानाबाद’च्या लगेच पुढे दीर्घ वेलांटी असेल तर हात लावू नकोस, एवढं सांगितलं की शेळी वाचते. पण हे सांगायला शेळी आहे हे माहीत असावं लागतं आणि ते मला माहीत नव्हतं, यादीवर बोट ठेवणाऱ्या काकांना होतं. नियम लिहिणारा एक आणि यादी वाचणारा दुसरा असावा, असं माझं तेव्हापासूनचं मत झालं आहे. वाचणाऱ्याला कमांडमधलं ओ की ठो कळत नसलं तर आणखी बरं.

शेवटी डॅश-एन काढला, एंटर मारलं. नेहमीप्रमाणे खिडकी गप्प. ‘मागे जा’ असं बटण इथे नसतं, म्हणून जुनी आणि नवी नावं शेजारी शेजारी लिहिलेली एक फाईल करून ठेवली आणि ती कुठे आहे ते काकांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं. जोशींच्या सहा पत्रिका आता वर्ष, महिना, दिवस, जोशी, पत्रिका आणि शून्य-एक ते शून्य-सहा अशा शिस्तीत उभ्या होत्या. बघून माझंच मन भरून आलं.

आठवड्याने फोन. “ताई, ते ओके ओके कुठं गेलं?”

“शून्य-सहा बघा काका.”

“शून्य-सहा म्हणजे मामांच्या आधीची की नंतरची?”

मी जाऊन पाहिलं. काकांनी स्वतःच उलगडा करून घेतला होता. माझं सगळं नाव तसंच ठेवून त्याच्या पुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘ओके ओके मामा बघून गेले पैसे बाकी’. शेजारच्या फाईलींनाही शेपट्या फुटायला लागल्या होत्या. त्या नावांत माझ्या तारखांपेक्षा जास्त माहिती होती, तेव्हा वाद घातला नाही. मधल्या स्पेस काढून अंडरस्कोर घालायचा नियम तेवढा चालवला, आधी डॅश-एन लावून.